नानांची भरीत पार्टी

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे.

आज दुपारी माझे चुलत सासरे, नाना, चोपड्याहून घरी आले. मी घरूनच ऑफिसचं काम करत होते आणि नवरा गॅसवर वांगी भाजत होता.

नाना दारातूनच कडाडले, "हाई काय माणूसनं काम शे? बायकोनं पार बैल केला तुझा!"

नवरा म्हणाला, "नाना, मला आवडतं."

"लोके काय म्हनतीन?"

हेच नाना दर हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी करतात. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजणं, ठेचणं, फोडणी देणं, सगळं पुरुषच करतात आणि वर मिशांना पीळ देतात.

मी विचारलं, "मग शेतात तुम्ही काय करता?"

"ते येगळं शे."

भरीत मात्र त्यांनी दोनदा मागून खाल्लं. ताट तसंच ठेवून उठले.

तुमच्याकडे पार्टीनंतरची भांडी कोण घासतं हो?