बजरंगअण्णांच्या माळावर जिरवायचं

आपण पाणी सल्लागार आहोत, हे लोकांना समजावण्यात सत्यशीलाची निम्मी ताकद जाते. मांजरसुंब्याच्या धाब्यावर चहा घेताना कुणी खोदून विचारलं, की ती सरळ सांगते, “मी नारळ धरून पाणी दाखवत नाही. बोअर कुठं घ्यायचा तेही सांगत नाही. कुठं घ्यायचा नाही, ते सांगते.” मग तिचा चहा सुखानं होतो.

शिरूर कासारकडची ही पोरगी. भूगर्भशास्त्र शिकली, पुण्यातल्या एका कंपनीत जाडजूड अहवाल लिहिले, ते कुणी वाचत नाही हे कळल्यावर स्कूटी घेऊन बीडला परतली. तिचा हट्ट एकच: माणसांचं, गुरांचं आणि पिकाचं पाणी वेगवेगळं धरायचं नाही, आणि कामाला हात डोंगरमाथ्यापासून घालायचा. बरोबरच आहे. वरून पाणी पळून चाललंय आणि लोक खाली ओढा खोल करत बसलेत, याला काय अर्थ आहे?

बालाघाटातल्या एका गावानं तिला बोलावलं. तिथला माथ्यावरचा सगळा माळ बजरंगअण्णांचा. त्यांनी हो म्हटलं तर चर खणायचे, नाहीतर आराखडा गुंडाळून परत फिरायचं. मधलं काही नव्हतं. म्हणून ग्रामसभेच्या आदल्या दिवशी, त्या माळावर मेंढ्या चारणाऱ्या मनकर्णाबाईंजवळ तिनं निरोप दिला, “अण्णांना सांगा, आधी तुमच्या माळावर जिरवायचं, मग खालच्यांचं बघू.”

निरोप पोचला. त्यातला माळ तेवढा वाटेत मेंढ्यांनी खाल्ला. मनकर्णाबाई म्हणाल्या, “अण्णा, ती ताई म्हनती, आधी तुमची जिरवायची, मग खालच्यांचं बघू.”

दुसऱ्या दिवशी सभेत अण्णा खाली बसलेच नाहीत. “कोन हाय ती? बजरंगची जिरवनारा या गावात अजून पैदा न्हाई झाला!”

सत्यशीलाच्या डोक्यात प्रकाश पडला. “अण्णा, पाणी! तुमच्या माळावर चर खणून पाणी जिरवायचंय. तुमची नाही!”

असा हशा उठला, की पारावरचं कुत्रं वैतागून निघून गेलं. अण्णाही हसले. पण हसणं म्हणजे होकार नव्हे. मांडी घालून त्यांनी मुद्द्याचं विचारलं, “चर माज्या माळात. पानी कुनाच्या हिरीत?”

दुसरा कुणी ‘सगळ्यांच्या’ म्हणून सुटला असता. सत्यशीला म्हणाली, “खडकाचा उतार सटवाकाकांच्या विहिरीकडं आहे. आधी त्यांची भरेल, तुमची नंतर.”

सरपंच कौशल्याबाईंनी कपाळाला हात लावला. सटवा म्हणजे अण्णांचा चुलतभाऊ. बांधावरून भांडण, एकमेकांच्या घरचा चहासुद्धा बंद.

अण्णा विचारात पडले. “म्हंजी सटव्या माज्या पान्यावर जगनार?”

“एका अर्थी, हो.”

सटवा ताडकन उठला. “मला न्हाई लागत ह्याचं पानी!”

“आता का न्हाई? पी की बे!” अण्णांचा चेहरा लखलखला. “ताई, सगळा माळ खना! हितं पानी जिरवू, अन् तिकडं ह्याची!”

“अन् माज्या मेंढ्या? चरात पडत्याल की!” मागून मनकर्णाबाई ओरडल्या.

“चर तुकड्या-तुकड्यांनी आहेत, मावशी. मधून मेंढ्यांना वाट सोडलीय. आणि चरांच्या बांधावरचं गवत तुमचंच.”

“मंग खना.”

चार दिवसांत माळावर चुन्याच्या रेषा पडल्या. अण्णा सत्यशीलाच्या मागे मागे, जसा काही आराखडा त्यांनीच काढलाय. खणणाऱ्यांत सटवाही होता. कुणी त्याला काही विचारलं नाही.

“खोल खन बे सटव्या,” अण्णा ओरडले, “तुज्याच हिरीला जायचंय!”

सटवानं मातीची पहिली पाटी नेमकी अण्णांच्या पायावर ओतली आणि दुसरी भरायला वाकला.