सातव्या कपाची जबाबदारी

रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी हाब्बो ओल्टमान्स आरशासमोर उभा राहून गालांना फेस लावायचा, आणि त्याची बायको थेडा न्हाणीघराच्या दारात उभी राहून त्याला कायद्याचं एक कलम वाचून दाखवायची. एकच. लांब असलं तर ते हनुवटीपर्यंत पुरायचं, आखूड असलं तर एका गालातच संपायचं.

"कळलं?" ती विचारायची.

"नाही."

"काल रात्री मलाही कळलं नव्हतं," असं म्हणून ती पुस्तक पिशवीत टाकायची आणि सायकल बाहेर काढायची. वर्ग असला तर स्टेशनकडे, नसला तर कचेरीकडे.

हाब्बो लेर गावच्या बंदरात जलद्वारावर कामाला होता. नदीचं पाणी आणि बंदरातलं पाणी एका पातळीला आणायचं, मग दार उघडून जहाज सोडायचं. घाई केली म्हणून पाणी लवकर चढत नाही, हे त्याला चोवीस वर्षांत पुरतं कळलं होतं. त्यामुळे बायकोनं चौपन्नाव्या वर्षी आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्याच्या पदव्युत्तर वर्गात नाव घातलं, तेव्हा त्यानं इतकंच विचारलं, "गाडी कितीची असते?"

थेडा वीटभट्टीवरच्या कामगाराची मुलगी. शाळा संपली तशी ती एका जहाज-दलालाच्या कचेरीत लागली आणि तिथेच राहिली. पस्तीस वर्षं तिच्या टेबलावरून लाकूड, खत, विटा आणि पवनचक्क्यांची पाती जगभर गेली, म्हणजे त्यांचे कागद गेले. ती कागद बिनचूक भरायची, शिक्का मारायची, आणि कागद जायचा तो जायचाच. पुढे त्याचं काय होतं, हे तिला कुणी सांगितलं नाही. तिला त्याचं दुःख नव्हतं, कुतूहल होतं. लेकीला परगावी शाळेत घातलेल्या आईला असतं तसं. मग एक दिवस तिला समजलं की तासाभरावरच्या शहरातल्या विद्यापीठात कामाच्या अनुभवावरही प्रवेश मिळतो, फक्त एक परीक्षा द्यावी लागते. ती दिली. पास झाली. पहिल्या दिवशी वर्गात शिरली तेव्हा सगळी पोरं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, शिकवणाऱ्या बाई आल्या.

तिला तिथलं सगळं आवडलं. ग्रंथालयातली गारठलेली शांतता आवडली, खाणावळीतलं डाळीचं पातळ सूप आवडलं, व्याख्यान संपल्यावर टाळ्या न वाजवता सगळ्यांनी बोटांच्या सांध्यांनी बाकावर टकटक करायची, ते तर फारच आवडलं. ज्या तीन अक्षरी खुणा ती वर्षानुवर्षं कागदाच्या कोपऱ्यात टाइप करत आली होती, त्यांच्या पोटात काय आहे ते आता उलगडत होतं. मालाची जोखीम विकणाऱ्याच्या खांद्यावरून घेणाऱ्याच्या खांद्यावर नेमकी कुठे जाते, यावर शेकडो पानं लिहिली गेली होती. त्या दिवशी घरी येऊन तिनं हाब्बोला सांगितलं, "अरे, मी रोज तीन अक्षरांत अख्खं जहाज इकडून तिकडे करत होते."

"आणि पगार तेवढाच," हाब्बो म्हणाला.

वर्गात तिची गट्टी जमली दोघांशी. एक नातिया, तिबिलिसीहून आलेली, तिथल्या दारूच्या कारखान्यात करार पाहायची. बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायला जागा ठेवायची नाही. दुसरा कोर्बिनियान, बव्हेरियातल्या डोंगराकडचा, सव्वासहा फूट उंच आणि इतका सभ्य की दाराला धडकला तर दाराची माफी मागेल. दर गुरुवारी दुपारी दोघं लेरला यायचे आणि थेडाच्या स्वयंपाकघरात अभ्यास चालायचा.

पहिल्या गुरुवारी थेडानं रीतीप्रमाणे चहा केला. कपात खडीसाखरेचा खडा, त्यावर कढत चहा, खडा तडकल्याचा बारीक आवाज, मग कडेनं सोडलेली साय. ढवळायचं नाही. कोर्बिनियाननं कप संपवून खाली ठेवला. थेडानं भरला. त्यानं संपवला, तिनं भरला. नातियानं तिसऱ्या कपानंतर बशीवर हात ठेवून सरळ "आता नको" म्हटलं. कोर्बिनियान मात्र पीत राहिला. सहावा संपला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. सातवा भरताना थेडाच्याही मनात आलं, काय तहान लागलीय बिचाऱ्याला. हाब्बो खिडकीजवळ बसून हे सगळं अशा चेहऱ्यानं बघत होता जसं भरतीच्या वेळी कुणी उलट्या दिशेनं होडी हाकतंय.

शेवटी त्यालाच दया आली. "बाळा," तो म्हणाला, "चमचा कपात ठेव."

"चमचा?"

"चमचा कपात म्हणजे पुरे. नुसता रिकामा कप म्हणजे अजून वाढा."

कोर्बिनियाननं चमच्याकडे पाहिलं, मग थेडाकडे. "हे मला कुणी सांगितलंच नाही."

"तू विचारलंस का?" थेडा म्हणाली.

"मला वाटलं, नको म्हणणं वाईट दिसेल."

"आणि मला वाटलं, न वाढणं वाईट दिसेल."

नातिया इतकी हसली की तिला बाहेर जावं लागलं. कोर्बिनियानही बाहेर गेला, पण दुसऱ्या कारणानं आणि जरा घाईनं. पुढच्या गुरुवारपासून तिसरा कप झाला की तो चमचा कपात असा ठेवायचा जणू करारावर सही करतोय.

आनंदाच्या या दिवसांत एकच खड्डा आला, पण खोल. जुलैत तोंडी परीक्षा झाली आणि थेडा नापास झाली. येत नव्हतं म्हणून नव्हे. प्राध्यापक ग्रूबे मॅडमनी प्रश्न विचारला, थेडानं एका वाक्यात उत्तर दिलं आणि थांबली. तिच्या गावाकडे उत्तर झालं की माणूस थांबतो. मॅडम पुढच्या वाक्याची वाट बघत राहिल्या, थेडा पुढच्या प्रश्नाची. दोघी एकमेकींकडे सभ्यपणे बघत बसल्या. असं चार वेळा झालं, आणि अर्धा तास संपला.

नियम असा की परीक्षा फक्त आणखी एकदा देता येणार. फेब्रुवारीत. त्यात गेली तर नाव कायमचं कमी होणार, दोन वर्षांचा अभ्यास आणि जवळजवळ लिहून झालेला प्रबंध धरून.

"तू दार उघडतेस आणि लगेच लावून घेतेस," नातिया म्हणाली. "माणसाला आत तरी येऊ दे."

"आत आहे काय? जे होतं ते सांगितलं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे?"

"हेच. आता मी तीनदा 'म्हणजे' विचारणार आणि तू तीनदा उत्तर देणार."

तेव्हापासून तिच्या प्रत्येक उत्तरावर तीन 'म्हणजे' पडू लागले. हाब्बोनंही ते उचललं. "बाहेर थंडी आहे," थेडा म्हणायची. "म्हणजे?" आतून विचारणा व्हायची. "म्हणजे टोपी घाल." "म्हणजे?" "म्हणजे तुझं डोकं आधीच गार आहे, ते आणखी गार होऊ नये." हाब्बो तिसऱ्या 'म्हणजे'च्या वाटेला गेला नाही.

परीक्षेच्या दिवशी शेतांवर पांढरं धुकं होतं आणि त्यात हजारो रानबदकं उतरलेली होती. गाडीच्या खिडकीतून ती दिसत नव्हती, नुसता त्यांचा कलकलाट ऐकू येत होता. थेडाला आज तो सोबतीसारखा वाटला. विद्यापीठाच्या व्हरांड्यात कोर्बिनियान आणि नातिया आधीच येऊन उभे होते. कोर्बिनियाननं तिच्या हातात सफरचंद ठेवलं. नातियानं कानात सांगितलं, "काहीही बोल, पण बोल."

आत ग्रूबे मॅडम आणि शेजारी नोंदी घेणारा एक सहायक. प्रश्न साधा होता. ब्रेमेनचा एक व्यापारी कोलंबियाच्या शेतकरी-संघाकडून कॉफी घेतो. बोलणी फोनवर होतात. नंतर व्यापारी एक पत्र पाठवतो, 'आपलं असं असं ठरलं', आणि त्यात एक अट हळूच बदललेली असते. संघ उत्तरच देत नाही. ती अट संघावर बंधनकारक आहे का?

"नाही," थेडा म्हणाली. आणि थांबली.

सहायकाचं पेन थांबलं. मॅडम वाट बघू लागल्या. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकला, आणि थेडाला जाणवलं की हे जुलैसारखंच होतंय. डोळ्यांसमोर आला तो आरशापुढचा हाब्बो, निम्म्या गालावर फेस असलेला.

"ओल्टमान्सबाई," मॅडम जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "तुमच्या गप्प राहण्याचा मी काय अर्थ घेऊ?"

थेडाला हसू फुटलं. तिला ते आवरता आलं नाही.

"काहीच घेऊ नका, मॅडम. कायदा हेच म्हणतो. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. इथल्या इथल्या व्यापाऱ्यांमध्ये ती रीत आहे, असल्या पत्राला ताबडतोब नाही म्हटलं नाही तर ते मान्य. पण माल सरहद्द ओलांडतो तेव्हा इथली रीत आपोआप सोबत जात नाही."

"कधी जाते?"

"दोघांनाही ती माहीत असेल तेव्हा. किंवा त्या धंद्यात जगभर ती इतकी रुळलेली असेल की माहीत नाही म्हणायला तोंड राहू नये." मग तिनं तिसरा 'म्हणजे' स्वतःच स्वतःला विचारला. "आमच्याकडे, मॅडम, रिकामा कप म्हणजे अजून वाढा. नको असेल तर चमचा कपात ठेवायचा. माझ्याकडे बव्हेरियाचा एक मुलगा आला, त्याला मी सात कप पाजले. तो गप्प होता. मी त्याला होकार समजत होते."

सहायकानं मान वर केली.

"पण तो लेरला आला होता," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज आता परीक्षेचा राहिला नव्हता, भांडणाचा झाला होता. "तुमच्या टेबलाशी बसला होता. तिथली रीत विचारून घेणं त्याचं काम नाही का?"

"राहायला आला असता तर होतं. तो एका दुपारपुरता आला होता. आणि सात कप ही काही जगभरची रीत नाही. पहिल्या गुरुवारच्या सातव्या कपाची जबाबदारी माझी."

"दुसऱ्या गुरुवारच्या?"

"त्याची. तोवर चमचा त्याला ठाऊक होता. आमच्या दोघांत एक वहिवाट पडली होती. वहिवाट पडली की मग गप्प राहणंही बोलतं."

यानंतर मॅडमनी शेतकरी-संघ तीन वर्षं तशीच पत्रं घेत आला असेल तर काय, असं विचारलं. मग संघानं कॉफी जहाजावर चढवली असेल तर काय. थेडा बोलत राहिली. पस्तीस वर्षांचे कागद तिच्या टेबलावरून निघून कुठे कुठे पोचले होते, ते तिला आता दिसत होते, आणि दिसलं ते ती सांगत होती. वेळ संपल्याचं सहायकानं दोनदा खुणावलं.

तिला बाहेर बसवलं. पाच मिनिटांनी आत बोलावलं. अठरापैकी बारा. इथे कायद्याच्या परीक्षेत नऊ मिळाले तरी माणसं आईला फोन करतात.

ग्रूबे मॅडमनी तिचा हात हातात घेतला. "त्या मुलाचं पुढे काय झालं?"

"व्हरांड्यात उभा आहे," थेडा म्हणाली.

दार उघडून तिनं बाराचा आकडा सांगितला. कोर्बिनियाननं भिंतीवर बोटांच्या सांध्यांनी टकटक सुरू केली, नातियानं दारावर. पलीकडच्या खोलीतून कुणीतरी ओरडलं की इथे परीक्षा चालू आहे, तेव्हा कोर्बिनियाननं भिंतीची माफी मागितली.

फलाटावर उभं राहून थेडानं हाब्बोला फोन लावला. मागे पाण्याचा आवाज येत होता, जलद्वार भरत असणार.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं. बारा."

पाणी चढत राहिलं. मग तो म्हणाला, "माझ्या दारात एक डच बोट आहे. तिच्या कप्तानाला सांगतो आता."

"त्याला काय करायचंय?"

"करायचं काही नाही. जवळ तोच आहे."

थेडा हसली. गाडी येताना दिसत होती, आणि नातिया लांबून हात हलवून विचारत होती की तिचं आणि कोर्बिनियानचंही तिकीट काढू का. थेडानं मान डोलावली.

"ऐक," ती फोनमध्ये म्हणाली, "आम्ही तिघं येतोय. बटाटे जरा जास्त उकडायला लाव."