फोनवरून नेसवलेली साडी

मुलुंडच्या आमच्या चर्चमध्ये त्या रविवारी सगळ्यांसाठी प्रार्थना करायची पाळी माझ्या नवऱ्याची, डॅनियलची होती. आजारी माणसं झाली, परीक्षेला बसलेली मुलं झाली, मग प्रवासात असलेल्यांमध्ये त्याने आपल्या मोठ्या बहिणीचं नाव घेतलं. "आमची मार्थाताई झांबियातून पुढे केनियाला निघायची आहे, प्रभू, तिला सांभाळ." आम्ही डोळे मिटून, अगदी मनापासून 'आमेन' म्हटलं. उपासना संपल्यावर आवारात चहा घेताना मी पर्समधला फोन काढला, तर रिनीचे एकामागोमाग एक येऊन गेलेले फोन. ताई तिकडे ज्या मिशनरी जोडप्याकडे उतरली होती, त्यातली ही रिनी. परत फोन लावला. "शीला दीदी, मार्था दीदी नहीं रही..." पहाटे उठून चहा मागितला होता म्हणे, चहा पुढे येईपर्यंत सगळं संपलं होतं. म्हणजे आम्ही आमेन म्हणत होतो तेव्हा ताई जगातच नव्हती. महिना उलटून गेला तरी माझं डोकं तिथेच अडकलेलं आहे. असं कसं होईल? ज्या बाईला कधी साधी सर्दी झाली नाही, ती चहा मागते काय आणि जाते काय!

ताई आमच्या चर्चच्या मंडळीची सेविका. म्हणजे रविवारच्या शाळेतल्या पोरांपासून हॉस्पिटलातल्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळं तिच्या गळ्यात, आणि तिने ते हौसेने घालून घेतलेलं. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहायची. नणंद-भावजयीचं आमचं रीतसर भांडण व्हायचं, बहुतेक वेळा आमटीत गूळ घालण्यावरून. मी घालायचे, ती नाक मुरडायची, आणि दोनदा वाढून घ्यायची. पंचवीसेक वर्षं तिने एक सबंध रजा घेतली नव्हती. शेवटी पाळकसाहेबांनी तिला बळेच सहा महिन्यांसाठी मोकळं केलं. वाटलं, महाबळेश्वरला जाईल, झोपा काढेल. पण ताई म्हणाली, "ज्यांच्यासाठी इतकी वर्षं दर आठवड्याला देवाचं डोकं खाल्लं, ती माणसं एकदा बघून तरी येते." आमची मंडळी परदेशातल्या तीन-चार मिशनरी कुटुंबांना हातभार लावते. त्यांची नावं ताईला तोंडपाठ, चेहरे मात्र फोटोतलेच. तर बाई साठीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा विमानात बसली. विमानात चटणी चालते का, हे तिने मला इतक्यांदा विचारलं की शेवटी मीच म्हटलं, "ताई, तुम्ही देवालाच विचारा आता."

रिनी आणि तिचा नवरा मूळचे मिझोरमचे. झांबियातल्या एका खेड्यात शाळा चालवतात. तिथे पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. हसावं की रडावं, तिलाच कळत नव्हतं. "शीला, वाट लागली गं! आपण रिनीच्या आईच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना करतोय ना? अगं, ती म्हातारी कधीच वारली. दोन पावसाळे झाले!" मी कपाळावर हात मारला. "मग कळवायला काय झालं होतं तिला?" ताईने आवाज खाली आणला. "म्हणते, मुंबईत कुणीतरी दर रविवारी आईचं नाव घेतं, ते थांबवायचं माझ्या जिवावर आलं." ही गोष्ट मंडळीत कुणाला सांगायची नाही, अशी तिने मला शपथ घातली होती. आज मोडते आहे. रागवायचं असेल तर ये म्हणावं.

खरी परीक्षा ताई गेली त्या रविवारी दुपारनंतर सुरू झाली. डॅनियलने एकच धोशा लावला... ताईला घरी आणायचं. आमच्या दफनभूमीत सासूबाईंची कबर आहे. मुंबईत जागेची टंचाई मेल्यावरही सुटत नाही, एकाच कबरीत घरातली माणसं वर्षानुवर्षांच्या अंतराने विसावतात. ताईने कितीदा सांगून ठेवलं होतं, मला आईपाशीच ठेवा. आणि तिकडे खेड्यात ना बर्फ, ना शवागार. शहर कुठल्याकुठे, परवानग्या वेगळ्याच. रिनीचा नवरा अजिजीने सांगत होता, उद्या सकाळपर्यंतच थांबता येईल. पाळकसाहेबांनीही समजावून पाहिलं. डॅनियल म्हणाला, "परक्या मातीत, परक्या माणसांच्या हाती मी तिला सोडणार नाही. विषय संपला." मग भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. जेवला नाही. मला त्याचा राग येत होता, आणि तो बरोबर आहे असंही वाटत होतं.

सोमवारी सकाळी रिनीचा व्हिडिओ कॉल आला. दफन कुठेही होवो, गावातल्या बायकांनी ताईला आंघोळ घालून ठेवली होती. प्रभुभोजनाच्या दिवशी नेसायची तिची पांढरी साडी बॅगेत सापडली होती, पण ती नेसवायची कशी हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. रिनीलासुद्धा नाही. मी कपाटातून माझी साडी काढली, फोन टेबलावर टेकवला आणि गाऊनवरच नेसायला लागले. मी खोचलं की तिकडे चार काळेभोर हात खोचत. मी निऱ्या घातल्या, त्यांनी घातल्या. एकीच्या निऱ्या सुटल्या, तिने जीभ चावली आणि पहिल्यापासून पुन्हा घातल्या. ताईचं डोकं कुणा आजीबाईंच्या मांडीवर होतं. त्या तिच्या कपाळावरून सारखा हात फिरवत होत्या... मला समोरचं दिसेना झालं. रिनीने विचारलं, "दीदी, पल्लू सिर पे लेना है?" मी डोळे पुसायला पदर उचलला.

"डोक्यावर नको." डॅनियल कधी उठून माझ्यामागे उभा राहिला होता, कळलंच नाही. फोनकडे बघत तो म्हणाला, "ताईला गुदमरायला व्हायचं. खांद्यावर नीट पिन लावायला सांग." तिकडे पिन लागली. तो बराच वेळ त्या आजीबाईंच्या हाताकडे बघत राहिला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "शीला, त्यांना सांग... तिथेच होऊ दे."

ताईची खोली अजून आवरलेली नाही. दर रविवारी चर्चला निघताना मी साडी नेसून तिच्या दारात पाठमोरी उभी राहायचे, खांद्यामागची पिन तीच लावून द्यायची. परवा सवयीने तशीच जाऊन उभी राहिले. डॅनियल आला आणि त्याने पिन लावली. टोचली. ती तशीच राहू देऊन मी चर्चला निघाले.