उरलेल्या काँक्रीटचा कोबा

जानकीबाई संतापली की आधी पदर खोचते, मग बोलते. त्या दिवशी तिने पदर खोचला आणि तांब्याभर पाणी घरातल्या सिमेंटच्या कोब्यावर मधोमध ओतलं. पाणी दोन्हीकडे पळालं, मधला उंचवटा तेवढा उघडा पडला.

"दिसतंय का?" तिने मनोज मिस्त्रीला विचारलं.

"काकी, पाऊण इंचाचा तर प्रश्न आहे. वरून टाइल्स चिकटवल्या की कुणाला कळणार पण नाय."

"कुणाला म्हंजे? हे चालणार हायत त्यावरून!"

हे म्हणजे तिचा नवरा पंढरी. लकव्याने डावी बाजू गेली तेव्हापासून वॉकर धरून चालायचा. त्याच उंचवट्याला वॉकर अडकून तो दोनदा पडला. दुसऱ्या वेळी खुब्याचं हाड मोडलं. पुन्हा पडला तर कायमचं अंथरूण, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"आई, मिस्त्रीला कळतं ना," मुलगा कुणाल मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, आणि जानकीबाईचा पारा चढला.

तिला कोबा शिकवतात! वीस वर्षं तिने वडपे गावातल्या गोदामांच्या बांधकामांवर घमेली वाहिली होती. ओल्या-सुक्या कोब्यावरून अनवाणी चालून ती सांगायची, साहेब, इथे दबलंय. इंजिनिअर यंत्र लावून बघायचा आणि तिचंच खरं निघायचं. हजेरीत मात्र ती शेवटपर्यंत बिगारीच राहिली.

आणि तिच्याच घरात ही टेंगळं! पंढरीने विकलेल्या शेतावर बारा वर्षांपूर्वी गोदाम उभं राहत होतं. मिक्सरच्या ड्रायव्हरने उरलेलं काँक्रीट पंढरीच्या दारात ओतलं. गावात सगळेच तसं घ्यायचे. माल फुकटचा, पण आळायला लागलेला. तो घरात पसरायला हात कमी पडले आणि होता तसाच त्याचा दगड झाला. जानकीबाई तेव्हा हाकेच्या अंतरावर, त्याच गोदामाचा कोबा आरशासारखा करत होती. एवढ्या जवळ असून नवऱ्याला आपली आठवण होऊ नये, हा राग बारा वर्षं तिच्या घशात अडकून होता.

तिने मनोजच्या पिशवीतली छिन्नी-हातोडी काढली आणि उंचवट्यावर घाव घातला. "आधी हा फोडायचा. मग धुवायचा, नवा माल धरायला टाचे मारायचे, लेव्हल करायची. तवर एक टाइल घरात यायची न्हाय!" घाव घालता घालता ती पंढरीवर बरसली, "एक हाक मारली असती, चार बाया घेऊन धावत आले असते मी! फुकटचा माल दिसला आन् बायको इसरलात!"

"आलतो," पंढरी म्हणाला. त्याचे शब्द आता सावकाश यायचे. "तुला बोलवायला आलतो. गेटवरच्या वॉचमनने सोडला न्हाय."

हातोडी थांबली.

"त्याला सांगितलं, बायको आत हाय, पाच मिन्टांचं काम हाय. बोलला, बाहर का आदमी अंदर नहीं जाएगा."

"मग बारा वर्षं तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"कसा सांगू गो? माझ्याच शेतावं मला बाहेरचा बोलला तो."

कुणालने मोबाइल खाली ठेवला. जानकीबाई रडली नाही. तिला वाटलं, असंच उठावं आणि ते गेट फोडून यावं. ते फोडता येणार नव्हतं. तिने छिन्नी पुन्हा कोब्यावर टेकवली आणि असे घाव घातले की मनोज मागे सरला.