नाव विचारणारे कुवेतकाका

कुवेतकाकांना माणसाचं नाव विचारल्याशिवाय त्याच्या हातचं काही घेता येत नसे. राजोडीला समुद्रावर भेळ खायला नेलं, तरी भेळवाल्याचं नाव, गाव, घरी कोण कोण असतं हे सगळं होईपर्यंत आमची भेळ मऊ पडायची. आम्ही मुलं वैतागायचो. ते शांतपणे म्हणायचे, "ज्याच्या हातचं खाता, त्याचं नाव नको म्हाईत?"

भुईगावात आमच्या केळी-भाजीच्या वाडीला लागूनच त्यांची वाडी. तरुणपणी ते कुवेतला एका बड्या घरात ड्रायव्हर होते. तिथून त्यांनी टीव्ही आणला, जाडजूड ब्लँकेटं आणली, माझ्या बाबांना घड्याळ आणलं आणि ही सवय आणली. "तिथं मी नुसता 'हिंदी', म्हंजे हिंदुस्थानातला कोनीतरी. हिंदी, गाडी काढ. हिंदी, पानी आन. घरातल्या मांजरीला नाव होतं, मला नव्हतं." हे ते हसत हसत सांगत.

एव्हरशाईन सिटीत त्यांची बहीण राहायची. तिच्या सोसायटीच्या वॉचमनला सगळे 'बहादूर' म्हणत. काकांनी दुसऱ्याच फेरीत शोधून काढलं की त्याचं नाव प्रेम आहे आणि तो नेपाळचा नसून आसामचा आहे. मग लिफ्टमध्ये भेटेल त्याला ते ही बातमी देत सुटले. बहीण म्हणाली, "दादा, मला इथे राहायचंय रे!"

बाबा गेले तेव्हा आमची वाडी ओस पडायला आली. गावातल्या पोरांना एव्हाना मातीत हात घालायची लाज वाटू लागली होती, आणि मी बँकेच्या नोकरीत. आईचे गुडघे दुखायचे. काकाच एका सकाळी एकाला घेऊन आले. "वहिनी, हा रामसुचित. जौनपूरचा. कामाचा मानूस हाय. पन भय्या म्हनायचं नाय, आधीच सांगतो."

रामसुचित आणि त्याची बायको सुनीता आमच्या विहिरीजवळच्या खोलीत राहू लागले. केळी पुन्हा उभी राहिली, वालपापडीचे मांडव चढले. त्याच्या भाजीवर आमचं घर चाललं आणि त्याचंही. मराठी तो आईकडून शिकला. गावासारखं 'पानी' म्हणायला तर त्याला शिकावंही लागलं नाही. काका रोज कुंपणापाशी उभे राहून त्याला हाक मारायचे, पूर्ण नावाने, तोंड भरून.

मग गावात विहिरींवरच्या मोटारी चोरीला जाऊ लागल्या. चोर सापडला नाही, पण बाहेरच्यांना वाड्यांवर ठेवू नये अशी कुजबुज सुरू झाली. काकांच्याच अंगणात बैठक बोलावली. मी निर्धास्त होते. काका आहेत ना, ते एका वाक्यात सगळ्यांना गप्प करतील. त्यांचा मुलगा तेव्हा निवडणुकीला उभा राहणार होता, हे मला माहीत होतं, पण त्याचा याच्याशी काही संबंध असेल असं मनातही आलं नाही.

खुर्च्या मांडायला काकांनी रामसुचितलाच बोलावलं होतं. तो मांडून झाल्यावर पायरीशी उभा राहिला.

सगळे बोलले. शेवटी सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. त्यांनी घसा खाकरला. "गावाचं म्हननं बरोबर हाय. या भय्या लोकांचं काय सांगता येत नाय."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी उठून विचारलं, "काका, कोणाचं सांगता येत नाही? नाव घ्या ना."

ते माझ्याकडे बघेनात. पायरीकडे तर मुळीच नाही. त्यांचा मुलगा म्हणाला, "ताई, बसा आता."

बाहेरच्यांनी वाड्या सोडायच्या असं ठरलं. रामसुचित आणि सुनीताने जाताना खोली झाडून दिली. काकांचा निरोप घ्यायला तो त्यांच्या दारी गेला. आतून टीव्हीचा आवाज येत होता, दार उघडलं नाही. परत येऊन मलाच समजावू लागला, "काकांची तब्येत बरी नसेल, ताई." मला त्याच्यासमोर रडू आलं. चोरांनी मोटारी नेल्या, त्या नव्या घेता आल्या. काकांनी माझ्याकडून काय नेलं, ते मला अजून कोणाला सांगता येत नाही.

मुलगा निवडून आला. काका आता काठी घेऊन फिरतात. त्यांची सवय मात्र माझ्या अंगात पक्की मुरली आहे. रिक्षात बसले तरी मी आधी नाव विचारते, आणि विचारताना दर वेळी त्यांचा राग येतो.

परवा जव्हारहून आमच्या वाडीवर एक नवा गडी आला. तो केळींच्या बुंध्यांभोवती पाण्यासाठी आळी करत होता. काका कुंपणापाशी थांबले, आणि जुन्याच मायेने त्यांनी हाक मारली, "काय रे बाला, नाव काय तुझं?"

तो कुदळ टाकून हसत उभा राहिला. सांगणारच होता.

"सांगू नकोस त्यांना," मी म्हणाले.