मिनिटाला किती शब्द

माझ्या पायाला भिंगरी होती, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. एकाहत्तर साली नेवासा तालुक्यातल्या एका खेड्यात मी शाळेवर रुजू झाले. बावीस वर्षांची, नगरात वाढलेली, कारकुनाची मुलगी. पहिल्याच आठवड्यात ठरवलं, इथं काही आपण राहायचं नाही. शाळा दोन खोल्यांची. एसटी दिवसातून दोनदा, तीही तिची लहर लागली तर. शाळा सुटली की मी ओढ्यापर्यंत जायची आणि परत यायची, पुन्हा जायची. बायका हसायच्या. "बाईंचं काय हरावलंय जनू," म्हणायच्या.

दिवाळीनंतर पुण्याहून एक प्राध्यापक आले. निरक्षर मोठी माणसं वाचायला कशी शिकतात आणि किती दिवसांत, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. मारुतीच्या देवळामागच्या पडवीत मी दुपारी बायकांचा वर्ग घ्यायचा आणि त्यांनी निकाल मोजायचा, असं ठरलं. त्यांच्याकडे विहिरीबद्दलचा एक छापील उतारा होता, दहा-बारा ओळींचा. पहिल्याच दिवशी त्यांनी तो एकेकीच्या हातात दिला आणि वाचा म्हणाले. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांनी प्रत्येकीपुढे शून्य मांडलं. चैत्रात परत येऊन हाच उतारा वाचून घ्यायचा, घड्याळ लावून, मिनिटाला किती शब्द ते. "तोच उतारा, त्याच बायका. म्हणजे मधे काय शिकल्या ते नेमकं मोजता येईल," असं ते मला समजावून सांगत होते. एक प्रत माझ्याकडे ठेवली आणि बजावलं, ही वर्गात काढायची नाही. मग एसटीत चढता चढता म्हणाले, निकाल चांगला लागला तर पुण्यात माझ्या हाताखाली एक जागा आहे. झालं! त्या रात्रीपासून मला झोप नाही.

वर्गात एक मावशी होती. पंचेचाळिशीची असेल, उंच, खणखणीत आवाजाची. बाकीच्या बायका एकमेकींच्या नादानं आल्या होत्या, ही मात्र कामासाठी आली होती. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "माझी लेक चौथी शिकल्याली हाय, बाई. शेवगावकडं दिलीया. ती कारड लिवती, पन वाचतो कोन? पोस्टमन. ते बी पारावर, चार मानसांत. मंग काय लिवील ती? आमी खुशाल हाय, तुमी खुशाल ऱ्हावा. मला वाचाया येऊ द्या. मंग बगा, पोर काय काय लिवती ते."

मी हो हो म्हटलं आणि विसरले. खोटं कशाला बोलू? माझं चित्त पुण्यात होतं.

संक्रांतीपर्यंत निम्म्याजणींना अक्षरं लागली. मावशीला लागेनात. तिचा कान भारी होता, एकदा ऐकलेलं तिच्या कानातून जायचं नाही. लग्नातली गाणी म्हणा, जात्यावरच्या ओव्या म्हणा, तिला आणायला बैलगाड्या यायच्या. पण अक्षर दाखवलं की ती माझ्या तोंडाकडे बघायची. मी चिडायची. "मावशी, पुस्तकात बघा, माझ्या तोंडाकडं काय बघताय?" तर म्हणायची, "तुमच्या तोंडाकडं बगून तर कळतंय, बाई!" सगळ्याजणी हसायच्या. मी नाही हसायची. मी दिवस मोजत होते.

फाल्गुन निघाला तसा माझा धीर सुटला. एका दुपारी मी ट्रंकेतून तो उतारा काढला. नुसता एकदा वाचून दाखवू, म्हटलं. एकदाचं दोनदा झालं, मग रोजचं झालं. मी एक ओळ म्हणायची, बायका माझ्यामागून म्हणायच्या. पाढे म्हणावेत तसा तो विहिरीचा उतारा आमच्या पडवीत घुमायला लागला. बरोबर चाललेलं नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, पण मी थांबले नाही.

चैत्रात प्राध्यापक आले. एकेक बाई पुढे बसून वाचू लागली. अडखळत, अक्षराला अक्षर लावत, घाम पुसत. मग मावशी बसली. कागद मांडीवर घेतला, बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि जी सुटली! कुठं अडणं नाही, दम घेणं नाही. शेवटचा शब्द तिच्या तोंडातून बाहेर पडला तेव्हा तिचं बोट चौथ्या ओळीवर होतं. मी बघितलं. प्राध्यापकांनी नाही बघितलं, त्यांचे डोळे घड्याळावर होते. "विलक्षण!" ते म्हणाले. "शून्यापासून सुरू केलेली बाई! ही सगळ्यांत वेगानं वाचते आहे."

मला एवढंच म्हणायचं होतं, की सर, हिला दुसरा कुठलातरी कागद द्या. एक वाक्य. ते जिभेवर आलं होतं, आणि मी ते गिळलं. मेली माझी जीभ, एरवी गावाला पुरून उरायची.

सरपंचांनी नारळ दिला. मावशीला पहिल्या नंबराचा कागद मिळाला, तो तिच्या लेकानं चौकटीत घालून दाराशी लावला. वर्ग बंद झाला, आता कशाला हवा होता? दोन दिवसांनी मावशी माझ्याकडे आली. कोरं कार्ड घेऊन आली होती. "लेकीला लिवा बाई, आईला आता वाचाया येतंय."

मी विचारलं, "मावशी, खरंच येतंय का?"

ती चमकून म्हणाली, "आता गं बया! मी वाचलं न्हवं? तुमी हुत्या की तितं."

तिला खरंच तसं वाटत होतं. तोंडातून शब्द निघतात, पुढे कागद आहे, शिकलेली माणसं मान डोलावतात. यालाच वाचणं म्हणत असतील, अशी तिची समजूत झाली होती, आणि ती माझ्यामुळेच झाली होती. मी कार्ड लिहिलं. तुझी आई आता वाचते, तिचा पहिला नंबर आला, इथून पुढे मनातलं काय ते बंद पत्रात लिही. खाली माझी सही केली. अक्षर माझं फार सुरेख होतं त्या काळी.

जूनमध्ये रजा टाकून मी पुण्याला गेले. एका खोलीत बसून तक्ते आखायचं काम होतं. मावशीचा आकडा सगळ्यांत वर होता. तिथंही मला स्वस्थ बसवेना. तो तक्ता आला की मी उठून पाणी प्यायला जायची. शेवटी श्रावणात, राहिलेली ट्रंक आणायची आणि शाळेचा राजीनामा द्यायचा म्हणून गावी आले. पंचमी होऊन आठ दिवस झाले होते. पावसाचा पत्ता नव्हता.

मी आल्याचं कळताच मावशी शाळेत आली. म्हणाली, "बाई, आदी दार लावा." मग कमरेची पिशवी सोडून तिनं एक निळं पत्र काढलं. घड्यांवर फाटलेलं. कितीदा उघडलं असेल कोण जाणे.

"आखाड लागला तवा आलंय. वर आई म्हनून लिवलंय, येवढं लागलं मला. म्होरचं काय लागंना. लई डोळं फोडलं, बाई."

"अहो, मग दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यायचं!"

"कुनाकडून? दारात चौकट लावल्याली. लेकाला म्हनले आसते, कुनाकडनं तरी वाचून आन, तर सून हसली आसती. आन् पोरीनं बंद करून धाडलंय, ते काय पारावर वाचाया? तुमचीच वाट बगत हुते."

मी वाचायला लागले. लेकीनं लिहिलं होतं, मूल होत नाही म्हणून ह्यांचं दुसरं लग्न ठरतंय, चातुर्मास असला तरी श्रावणातच उरकायचं म्हणतात. माझी संमती मागतात, मी अजून दिली नाही. तू पंचमीच्या आत ये. तू आलीस तर तुझ्याबरोबर निघून येईन, मजुरी करून खाईन. तू नाही आलीस तर समजेन की तुझंही म्हणणं तेच आहे, नांदायचं. कुणाला सांगू नको.

मावशीनं पत्रावर बोट ठेवलं. म्हणाली, "परत वाचा." मी परत वाचलं. मग तिनं पत्र माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, "उद्याच्या पैल्या गाडीनं जायचं. तुमी बी चला."

गेलो. एसटीतून उतरून कोसभर चाललो. लेकीच्या दारात नवा मांडव अजून तसाच होता. आत चुलीपाशी हिरव्या चुड्याची एक कोवळी पोरगी बसलेली. लेक तांब्या घेऊन बाहेर आली, आईला बघून थबकली. पाया पडली नाही.

मावशीनं पाणी घेतलं नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "पोरी, मला वाचाया येत न्हाई गं. कवाच येत न्हवतं. काल बाईंनी वाचून दावलं, तवा कळलं."

लेक माझ्याकडे वळली. "बाईंनी तर लिवलं हुतं."

"मी खोटं लिहिलं," मी म्हणाले. "मला ठाऊक होतं आणि लिहिलं."

ती शिव्या देईल म्हणून मी वाट बघत राहिले. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं तांब्या उंबऱ्यावर ठेवला.

"पंचमीच्या दिशी दिस बुडंस्तवर गावच्या येशीत हुबी हुते," ती म्हणाली. "मंग म्हनलं, आईनं वाचलंय. वाचून बी आली न्हाई. त्याच रातीला सासूला सांगितलं, आना तिला."

मावशीनं तिचा हात धरला. "चल. आता चल."

"आता कुटं? माज्याच तोंडानं व्हय म्हनलंय." तिनं हात हळूच सोडवून घेतला. मग मला म्हणाली, "आईला वाचाया येत न्हाई, येवढं जरी ठावं आसतं ना बाई, तर मी चालत आले आसते."