पाहुण्यांसाठी बसवलेली आजी

मावशीला जन्मात कधी धड कांदा चिरता आला नाही, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही. तिची हयात बस डेपोच्या चौकशी खिडकीत गेली. डबा नवरा करून द्यायचा. तो गेल्यावर डेपोच्या कँटीननं तिला पोसलं. तेच तेच प्रश्न विचारणारी तोंडं काचेतून बघून बघून माणसाच्या जातीबद्दल तिचं मत कधीच ठरून गेलं होतं, आणि ते काही चांगलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर ती भाचीकडे राहायला आली. भाचीनं घरातच परदेशी पाहुण्यांसाठी स्वयंपाकाचा वर्ग काढला होता. पोराबाळांसह फिरायला आलेली माणसं यायची, ॲप्रन बांधायची, आधी फोटो काढायची आणि मग भाजीचा छळ सुरू करायची. भाचीला वाटलं, या चित्रात एक आजी हवी. झालं! मावशीच्या अंगावर शाल आली, हातात लाकडी पळी आली आणि ओट्याशेजारी खुर्ची आली.

"तू काही करायचं नाहीस," भाची म्हणाली. "नुसतं बसायचं. शेवटी चव घ्यायची आणि मान डोलवायची."

"आणि घशाखाली उतरलं नाही तर?"

"तरी डोलवायची."

मावशी डोलवू लागली.

एके दिवशी एक कुटुंब आलं. नवरा, बायको, त्यांची आळसावलेली पोरगी आणि नवऱ्याची म्हातारी आई. नवऱ्याच्या एका हातात मोबाइल आणि दुसऱ्यात कालथा. कढईत कांद्याचा कोळसा झाला तरी गड्याचं हसणं थांबेना. बायको पिठात पाणी ओतायची, मग पाण्यात पीठ, मग पुन्हा पाणी; परातीत पोस्टर चिकटवायची खळ तयार झाली. पोरगी ओट्याला टेकून जांभया देत होती. एवढं विमानात बसून ही मंडळी कांदा जाळायला आली, मावशी मनात म्हणाली.

नवऱ्यानं चमचा पुढे केला. मावशीनं घास तोंडात फिरवला आणि मान डोलवत, मधाळ आवाजात भाचीला म्हणाली, "हे गटारात ओतू नकोस. गटार तुंबेल."

भाचीनं पाहुण्यांच्या भाषेत तितक्याच मधाळपणे सांगितलं, "आजी म्हणते, तिला तिच्या आईची आठवण झाली."

नवऱ्याचे डोळे भरून आले.

म्हातारी मात्र विरघळली नाही. तिनं परातीतला चिकट गोळा उचलून मावशीच्या हातावर ठेवला आणि खुणेनं म्हणाली, दाखव. मावशीनं गोळा दाबला, तो बोटांना चिकटला. सोडवायला गेली, तर दुसऱ्या हाताला चिकटला, वर शालीलाही लागला. म्हातारीनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. असं बघायचा हक्क आपलाच, असं मावशी आजवर धरून चालली होती. तिचे कान तापले.

"मला स्वयंपाक येत नाही. सांग यांना!"

"आजीचे हात आता थकलेत," भाचीनं सांगितलं.

नवऱ्यानं धावत येऊन मावशीला मिठी मारली. तिकडे म्हातारीनं कोरडं पीठ घालून सगळी कणीक मळून टाकली, हात धुतले आणि पाठ फिरवली.

"उद्यापासून मी बसणार नाही," पाहुणे गेल्यावर मावशी म्हणाली. "त्या बाईनं मला ओळखलं."

"तिनं एकटीनं. बाकीचे तर खूश होते ना?"

"बाकीच्यांचं कौतुक मला सांगू नकोस. त्यांना बाहुली बसवलीस तरी चालेल."

मग भाचीनं शेजारच्या काकूंना आणलं. काकूंच्या हाताला चव होती आणि ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी एकाची सुरी हिसकावली, दुसऱ्याच्या मनगटावर पळी हाणली आणि "व्हा बाजूला" म्हणून सगळा स्वयंपाक स्वतःच केला. जेवण झकास झालं. पाहुणे मुकाट्यानं जेवले, एकही फोटो न काढता निघून गेले आणि बाहेर जाऊन तक्रार करत सुटले. पुढचे दोन वर्ग ओस पडले.

भाची पुन्हा मावशीच्या खोलीच्या दारात उभी राहिली. "चल ना गं."

"खरी आजी मिळाली होती ना तुला?"

"ती कुणालाच नकोय."

मावशीला या माणसांची कीव यायला हवी होती. तिला शिसारी आली. पण दिवसभर घरात बसून तरी काय करणार? पळी धरणार नाही आणि चव घेणार नाही, एवढं तिनं भाचीकडून कबूल करून घेतलं. सकाळी नवं कुटुंब आलं, ॲप्रन बांधून झाले, आजीबरोबर फोटो झाले. पहिला कांदा करपायच्या आत मावशीला गाढ झोप लागली होती.